छोट्या खेकड्यांचं घर: कुठे हात आखडता घेतला आणि कुठे नाही

खेकड्याच्या घरात पहिला खर्च कशावर करायचा असं कुणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं: झाकणावर. काच, दिवा, रोपं, माती हे सगळं त्याच्यानंतर. आतली हवा दमट ठेवणं आणि खेकड्याला आतच ठेवणं ही दोन्ही कामं झाकण करतं. ते नीट नसेल तर बाकीचं सामान कितीही भारी असो, उपयोग होत नाही. मी जमिनीवर राहणाऱ्या छोट्या खेकड्यांसाठी कमी खर्चात व्हिव्हॅरियम, म्हणजे माती, पाणी, रोपं घालून मांडलेलं बंद घर, उभं केलं. ते आजही छान चालू आहे आणि त्यात पिल्लंही झाली आहेत. त्यासाठी वापरलेली एकेक वस्तू कशी निघाली, ते इथे लिहिते आहे.

आधी खेकडे कुठले ते सांगायला हवं, कारण सगळा हिशोब त्यावर ठरतो. माझ्याकडचे जिओसेसार्मा वंशाचे आहेत, म्हणजे विक्रेते ज्यांना व्हॅम्पायर क्रॅब म्हणतात ते. नाव ऐकून दचकू नका. गडद अंगावर चमकणाऱ्या पिवळ्या डोळ्यांमुळे ते पडलं आहे. कवचाची रुंदी जेमतेम 2 सेंटीमीटर. जांभळ्या अंगावर साईच्या रंगाचा डाग असलेला तो जिओसेसार्मा डेनर्ले, आणि नारिंगी डेंग्यांचा तो जिओसेसार्मा हागेन. दोन्ही इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे. हौशी लोक ते कित्येक वर्षं पाळत होते, पण शास्त्रीय नावं मिळाली 2015 साली, पीटर एन्ग, क्रिस्टोफ शुबार्ट आणि क्रिस लुखाउप यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा. एवढी वर्षं विकला जाणारा प्राणी नेमका कुठल्या ओढ्याकाठचा आहे हेच ठाऊक नसावं, हे मला फार लागलं. म्हणून मी पाळीव जोडीपासून जन्मलेलेच खेकडे घेतले, आणि तुम्हीही तेच घ्या असं आग्रहाने सांगते.

कमी खर्चात पाळायला हे खेकडे सोयीचे आहेत, त्याला कारण आहे. त्यांना आयुष्याच्या कुठल्याच टप्प्यावर खारं पाणी लागत नाही. मादी मोजकीच, पण मोठाली अंडी पोटाखाली बाळगते आणि त्यातून थेट इवलासा पूर्ण खेकडा बाहेर येतो. लाल डेंग्यांच्या ज्या मोठ्या खेकड्यांना रेड क्लॉ म्हणतात, त्यांना मचूळ पाणी लागतं. शंख घेऊन फिरणाऱ्या कोएनोबिटा जातींना गोडं आणि समुद्रासारखं खारं अशी दोन वेगळी पाणी लागतात, शिवाय कात टाकायला पंधरा सेंटीमीटरहून खोल ओली वाळू. त्यांचं घर स्वस्तात करायचं म्हटलं तरी ते वेगळंच काम आहे. दुकानात सगळे एकाच ट्रेमध्ये ठेवलेले दिसतात, म्हणून सांगितलं.

आता वस्तूंकडे.

तयार किट मला भेट म्हणून मिळालं होतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या धर्तीची किट बऱ्याच जणांची असतात. हाताच्या ओंजळीत मावेल एवढा पारदर्शक डबा, त्याला आडव्या फटींचं झाकण, रंगीत खडे, एक स्पंज, प्लास्टिकचं माडाचं झाड, घटक न लिहिलेली मिठाची पुडी आणि काट्याचा आर्द्रतामापक. खेकडे कल्ल्यांनी श्वास घेतात, आणि कल्ले ओले राहिले तरच ते काम करतात. हवेतली आर्द्रता 75 ते 90 टक्क्यांच्या आसपास राहिली तर हे खेकडे निवांत असतात. पण फटींच्या या झाकणातून दमटपणा तासाभरात निघून जातो. रंगीत खड्यांत बीळ करता येत नाही, त्यामुळे कात टाकायच्या वेळी लपायला जागा नाही. मिठाचं काम नाही, आणि स्पंज दोन दिवसांत वास मारतो. किटवर खेकड्याचं चित्र आहे, पण आत खेकड्याला लागणारं काहीच नाही. हे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते घेणारा माणूस बहुतेक वेळा लहान मुलासाठी घेतो, आणि काही आठवड्यांत मेलेला प्राणी बघून मुलाला वाटतं की चूक आपलीच. त्या डब्याचा मी एकच उपयोग शोधला: मोठ्या घराची साफसफाई करताना ओल्या शेवाळासकट खेकडे तासभर त्यात ठेवते. तेवढ्यासाठी तो चांगला आहे.

मुख्य घरासाठी मी कपडे-कागद ठेवायचा, दोन्ही बाजूंना कड्या असलेला प्लास्टिकचा डबा घेतला. तळ साधारण 60 बाय 40 सेंटीमीटर, उंची 30 च्या पुढे. काचेच्या टाकीच्या मानाने खर्च नगण्य आणि वजन नावाला. डब्याच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा बघून घ्या. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ते लवचीक असतं, भोक पाडताना तडकत नाही. 6 असेल तर पॉलिस्टायरिन. ते काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण ड्रिल लावलं की कोपऱ्यापर्यंत चीर जाते. स्वच्छ दिसतो म्हणून लोक 6 चा डबा उचलतात. मी 5 चाच घ्या म्हणेन, थोडा धुरकट असला तरी.

पॉलिप्रॉपिलीनची एक अडचण मात्र कुणी सांगत नाही. त्याला सिलिकॉन चिकटत नाही. लावताना चिकटल्यासारखं वाटतं, वाळल्यावर नखाने ओढलं की अख्खी पट्टी सोलून निघते. त्यामुळे मधे आडवी काच लावून एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला पाणी, ही काचेच्या टाकीतली रचना इथे जमत नाही. पाणी वेगळ्या भांड्यातच ठेवावं लागतं. मला स्वतःला भांडंच बरं वाटतं. उचललं, धुतलं, परत ठेवलं. गाळणी नाही, पंप नाही, वायर आत जायला भोक नाही. प्रत्येक वायर म्हणजे खेकड्यासाठी शिडी असते, हे लक्षात घेतलं तर भांड्याची किंमत कळते.

जुनी काचेची टाकी कुणाकडून स्वस्तात मिळत असेल तर तीही वाईट नाही, आणि समोरून बघायचं सुख काचेतच आहे. पण दोन गोष्टी विचारून घ्या. आधीच्या मालकाने माशांच्या आजारावर तांब्याचं औषध वापरलं होतं का? कवचधारी प्राण्यांना विरघळलेलं तांबं घातक असतं आणि जुन्या सिलिकॉनमध्ये, खड्यांमध्ये ते मुरून राहू शकतं. त्याचं उत्तर ठामपणे नाही असं आलं नाही तर टाकी सोडून द्या. दुसरं, कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड किती जाड आहे ते बघा. काचेच्या सपाट भागावर खेकड्याचे पाय घसरतात. कोपऱ्यात मात्र तो एक बाजूचे पाय सिलिकॉनच्या कडेला रोवतो, पाठ शेजारच्या काचेला टेकवतो आणि सरळ वर चढतो. मी रात्री टॉर्च लावून हे बघितलं आहे. वरपर्यंत पोचल्यावर तो पुढच्या पायाने कड चाचपतो, फट लागली की आधी एक डेंगा बाहेर काढतो आणि मग अंग तिरकं करून बाकीचं शरीर त्यातून ओढून घेतो. त्याच्या कवचाच्या रुंदीपेक्षा अरुंद फटीतूनही तो जातो, कारण तो आडवा जात नाही. जाडीच्या बाजूने जातो. म्हणजे फट मोजायची ती खेकड्याच्या जाडीवरून.

माझ्या डब्याच्या झाकणात मी मधोमध आयताकृती खिडकी कापली. तापवलेल्या सोल्डरिंग लोखंडाने पॉलिप्रॉपिलीन सहज कापलं जातं. काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. खिडकीवर बारीक स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली. गरम गोंद या प्लास्टिकवर धरत नाही, म्हणून कडेने बारीक भोकं पाडून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने जाळी शिवून टाकली. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा पितळी जाळी घेऊ नका. दमट हवेत तिच्यावरून टपकणारं पाणी थेट खेकड्यांच्या अंगावर येतं, आणि जस्त काय किंवा पितळेतलं तांबं काय, दोन्ही त्यांना विषारी. जाळीवर ॲक्रिलिकची एक सुटी पट्टी ठेवली आहे. हवा कोरडी झाली की ती सरकवून जाळी झाकायची, बुरशी दिसायला लागली की उघडायची. शिवाय एका आखूड बाजूला खाली, मातीच्या पातळीच्या जरा वर, चार-पाच बारीक भोकं आहेत, म्हणजे खालून हवा येते आणि वरून जाते. नुसतं वर उघडं ठेवलं तर तळाशी हवा साचून राहते.

कड्यांच्या झाकणाला रबरी पट्टी असलेले डबेही मिळतात, थोडे महाग. तो फरक मी आनंदाने दिला. पट्टी नसलेल्या झाकणाचा मधला भाग दमटपणाने आणि उष्णतेने हळूहळू फुगतो आणि दोन कड्यांच्या मधे बोटाच्या नखाएवढी फट पडते. मोठा खेकडा त्यातून जाणार नाही, पण पिल्लू नक्की जाईल.

आर्द्रतामापकाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. काट्याचा गोल मापक स्वस्त, दिसायला छान, आणि बहुतेक वेळा चुकीचा. ते तपासायची घरगुती पद्धत अगदी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब घालून ओलसर लगदा करा. मीठ विरघळून जाईल इतकं पाणी नको. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात किंवा घट्ट पिशवीत ठेवून रात्रभर सोडा. खोलीच्या तापमानाला आतली हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. हा मिठाचा गुणधर्म आहे, डब्याच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. सकाळी मापक काय दाखवतो ते बघा. किटमधला काट्याचा मापक 58 वर बसला होता. वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल 73 दाखवत होता. दोन टक्के मी मनातल्या मनात मिळवते, प्रश्न मिटला. काट्याच्या मापकाच्या भरवशावर राहणारा माणूस 75 टक्क्यांच्या हवेला कोरडी समजून पाणी फवारत सुटेल, आणि पंधरवड्यात सगळ्या घराला बुरशी धरेल.

डिजिटल घ्यायचा तर सेन्सर वायरवर असलेलाच घ्या. पडदा बाहेर राहतो, सेन्सर आत. तो मातीपासून थोडा वर, फवारा थेट बसणार नाही अशा जागी टांगा. ओला झाला की स्वस्त सेन्सर 99 वर अडकून बसतो आणि वाळेपर्यंत खाली येत नाही. वायर आत नेण्यासाठी पाडलेलं भोक फिल्टर स्पंजच्या तुकड्याने घट्ट बुजवा. मी दोन मापक ठेवले आहेत, एक ओल्या बाजूला आणि एक कोरड्या बाजूला. एवढ्या छोट्या डब्यातही दोन्हींत चांगला फरक पडतो, आणि खेकडे त्याप्रमाणे जागा बदलतात. दुसऱ्या मापकाचा खर्च मला अजिबात जड वाटला नाही.

तळासाठी कोकोपीट. 650 ग्रॅमची वीट भिजून साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे या डब्याला दोन पुरतात. बागकामासाठी विकली जाणारी वीट चालते, पण वेष्टनावर खत मिसळल्याचा उल्लेख असेल तर ठेवून द्या. नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणून भिजवलेलं कोकोपीट कापडात घालून, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत पिळून धुवा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येतं. ते काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका. त्यात पाव भाग धुतलेली बारीक वाळू मिसळली की बीळ ढासळत नाही. मुठीत दाबून बघा: गोळा आकार धरून राहिला आणि बोटांमधून थेंब-दोन थेंबच आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं. एका बाजूला आठ-दहा सेंटीमीटर खोल आणि पाण्याच्या भांड्याकडे उतरतं ठेवलं आहे. खाली दोन-तीन सेंटीमीटर भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यावर प्लास्टिकची जाळी, मग कोकोपीट. जास्तीचं पाणी गोळ्यांत उतरतं आणि माती सडत नाही.

वरून वाळलेली पानं. ही पूर्ण फुकट, आणि माझ्या मते या घरातली झाकणाखालोखाल सगळ्यात मोलाची गोष्ट. बदामाच्या झाडाची रुंद पानं उत्तम, ओकची असतील तर तीही. फवारणी न झालेल्या जागेवरची, झाडावरून आपोआप गळलेली तपकिरी पानं उकळत्या पाण्यातून काढून घ्या. खेकडे ती खातात, त्यांच्याखाली लपतात आणि त्यांच्या सावलीतून दिवसाढवळ्याही हिंडतात. उघड्या मातीवर ठेवलेले खेकडे दिवसभर दिसत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. लपायला जागा वाढवली की खेकडे जास्त दिसतात, कारण त्यांना धोका वाटत नाही. पानांचा जाड थर घालून एकदा बघाच. महागडी कॉर्कची सालं मला लागली नाहीत. कुंडीचे फुटके तुकडे आणि करवंटीचे अर्धे भाग तेच काम करतात, फक्त धार घासून बोथट करून घ्या.

पानांत स्प्रिंगटेल, म्हणजे ओल्या मातीत राहणारे उड्या मारणारे बारीक जीव, सोडले आहेत, आणि सोबत ट्रायकोर्हिना टोमेंटोसा नावाचे पांढरे इवलाले आयसोपॉड, म्हणजे पालापाचोळ्यात राहणारे छोटे कवचधारी जीव. बुरशी आणि विष्ठा हे दोघे साफ करतात. खेकडे अधूनमधून त्यांना खातात, ते गृहीतच धरायचं. एकदा विकत घेतले की पुढे आपोआप वाढतात. म्हणजे एकदाच होणारा खर्च, आणि सर्वांत चोख पैसे वसूल करणारा.

पाण्यासाठी चिनीमातीचं पसरट भांडं, तीन-चार सेंटीमीटर खोल, जमिनीच्या पातळीला रोवलेलं. आत दगडांचा उतार केला आहे, कारण गुळगुळीत कडेवरून थकलेल्या खेकड्याला, विशेषतः नुकती कात टाकलेल्याला, बाहेर येता येत नाही. पाणी एक-दोन दिवसांनी बदलते. नळाच्या पाण्यातलं नुसतं क्लोरीन दिवसभर उघडं ठेवल्यावर उडून जातं. पाणीपुरवठा करणारे क्लोरामाइन वापरत असतील तर ते उडत नाही, त्याला मत्स्यटाकीसाठी मिळणारं, क्लोरामाइन निकामी करणारं द्रव्यच (वॉटर कंडिशनर) लागतं. त्याच्या बाटलीवर क्लोरामाइन आणि अमोनिया या दोन्हींचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. सगळ्यात छोटी बाटलीसुद्धा एवढ्या पाण्यासाठी खूप काळ पुरते. मोठी घेण्यात अर्थ नाही.

हीट मॅटचा, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईचा, प्रश्न ज्यांची खोली थंडीत 20 अंशांच्या खाली जाते त्यांच्यासाठीच आहे. या खेकड्यांना 22 ते 28 अंश सेल्सियस मानवतं. खोली त्या पट्ट्यात असेल तर मॅटचे पैसे वाचवा. घ्यायची असेल तर थर्मोस्टॅटशिवाय घेऊ नका, आणि डब्याखाली कधीही लावू नका. रानात गरम झालं की खेकडा खाली उकरत जातो, खाली गारवा असतो म्हणून. मॅट तळाशी असेल तर तो सुटकेसाठी खाली जातो आणि उष्णतेच्या आणखी जवळ पोचतो. शिवाय माती खालूनच सुकते आणि आपल्याला कळत नाही. मॅट आखूड बाजूच्या भिंतीला, मातीच्या पातळीच्या वर. प्लास्टिकच्या डब्याला मी ती चिकटवली नाही; मधे अंतर राहील अशी उभी केली आहे, कारण सतत एकाच जागी तापलं तर प्लास्टिक वाकतं. खोकी उघडून बघितली तर बऱ्याच मॅटच्या सूचनापत्रावर तळाशी लावायचं चित्र असतं. ते सापसरड्यांसाठी असेल, खेकड्यांसाठी ते पाळू नका.

दिव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधी एलईडी पट्टी बाहेरून, जाळीवर, दहा-बारा तास, तीही रोपांसाठी. खेकडे संध्याकाळनंतरच खरे जागे होतात. रोपं म्हणजे मनी प्लांटच्या फांद्या आणि थोडं शेवाळ. फांदीचं मूळ पाण्याच्या भांड्यात सोडलं तर पाणी जास्त काळ चांगलं राहतं. नवं रोप आणलं तर कीटकनाशकाचा धोका असतो. काही आठवडे वेगळं ठेवून, मुळांची माती धुऊन मगच आत घाला. फवाऱ्याची बाटलीसुद्धा नवीच हवी. बागेतली जुनी, ज्यात कधीकाळी कीटकनाशक भरलं होतं, ती कितीही धुतली तरी नको. खेकडे आणि किडे यांची नातेवाईकी जवळची आहे, जे एकाला मारतं ते दुसऱ्यालाही मारतं.

धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र मी वापरून बघितलं आणि काढून ठेवलं. चांगल्या झाकणाच्या डब्यात त्याचं काम उरत नाही. धुक्यामुळे आकडा पटकन चढतो, पण पानं आणि भिंती ओल्या गच्च होतात, आणि पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर सगळ्यावर पांढरी भुकटी बसते. शिवाय पुन्हा एक वायर. फोटोत छान दिसतं हे खरं. मला ते पटलं नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा कायम आत असतो. पक्ष्यांसाठी विकला जातो तोच, स्वस्त आणि टिकाऊ. कात टाकायच्या आधी खेकडा खाणं कमी करतो, पानांखाली दडी मारतो. मग कवच मागच्या बाजूला उकलतं आणि तो मागे मागे सरकत स्वतःच्या जुन्या अंगातून बाहेर निघतो: प्रत्येक पाय, प्रत्येक मिशी, डोळ्यांचे देठसुद्धा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खेकडा मेला. ते रिकामं कवच उचलून फेकू नका. अंग घट्ट झालं की तो परत येऊन ते खातो, त्यातलं कॅल्शियम त्याला हवं असतं. तोवर तो मऊ असतो आणि बाकीचे त्याच्यावर हल्ला करू शकतात. म्हणून लपायच्या जागा खेकड्यांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात, आणि नर एकच. पोटाकडची झडप बघून ओळखा: नराची अरुंद आणि निमुळती, मादीची रुंद आणि गोल. विकणाऱ्याला खेकडा उलटा करून दाखवायला सांगा. जो दाखवायला तयार नसेल त्याच्याकडून मी घेत नाही.

सगळं मांडल्यावर लगेच खेकडे सोडायचे नाहीत. डबा रिकामा चालवा, रोज दोन्ही मापक वाचा, जाळीवरची ॲक्रिलिकची पट्टी किती उघडी ठेवल्यावर आकडा टिकतो ते ठरवा, एखादी बुरशीची लाट येऊन जाऊ द्या. स्प्रिंगटेल तोवर पसरतात. रिकाम्या डब्यात जुळवाजुळव करणं सोपं असतं.

प्लास्टिकचा डबा कुणी घेऊ नये तेही सांगते. तुम्हाला दिवाणखान्यात समोरून बघण्यासारखं दृश्य हवं असेल, तर पुढून उघडणारं काचेचं टेरॅरियम घ्या आणि त्याच्या दाराच्या कडेच्या फटी बुजवा. डबा वरूनच बघायचा असतो आणि त्याच्या भिंती धुरकट दिसतात, त्याला इलाज नाही. मला खेकड्यांचं बरं चाललं आहे हे बघायचं असतं, आणि ते वरून उत्तम दिसतं. अंडी घेतलेली मादी पानांवर येऊन बसते, पोटाची झडप उचलून अंड्यांना हवा देते, मधेच पाण्यात जाऊन बुडी मारून येते.

पिल्लं झाली की ती पहिले काही दिवस आईच्या अंगाला चिकटून असतात आणि नंतर पानांत पांगतात. मोठे खेकडे त्यांना खाऊ शकतात, म्हणून दिसतील तेवढी मी मऊ कुंचल्याने उचलून वेगळ्या डब्यात नेते. तो डबाही 5 आकड्याचाच, फक्त लहान, आणि जाळी आणखी बारीक. पाण्याचं भांडं नाही, त्याऐवजी ओल्या शेवाळाचा कोपरा आणि बाटलीच्या झाकणात पाण्याचा पातळ थर. खायला पानं, स्प्रिंगटेल आणि चिमूटभर चुरडलेलं माशांचं खाद्य. त्या डब्याला खर्च असा झालाच नाही. जाळीचा उरलेला तुकडा आणि कोकोपीटची उरलेली अर्धी वीट त्यातच संपली.